सहा गोवऱ्यांचं दूध

नव्या घरात दूध उतू जायला सहा गोवऱ्या लागतात, हे मी अनुभवाने सांगतो. पाचात भागलं असतं तर आईने मला अजून माणसांत धरलं असतं.

दोन हजार सालाच्या आसपास आम्ही आरे-वारेच्या रस्त्यावरचं गावातलं घर सोडून रत्नागिरीत राहायला आलो. नव्या जागेला अंगण होतं. अंगण म्हणजे निव्वळ कातळ, कुदळ मारली की ठिणगी उडायची. पण मी ऑफिसात आधीच जाहीर करून बसलो होतो, की आमच्या घरात घाटावरची भाजी शिरणार नाही. परसात पिकवू आणि तेच खाऊ! शेजारच्या टेबलावरच्या सावंतांच्या डब्यात फ्लॉवर दिसला, की मी त्यांना पंधरा मिनिटं ऐकवायचो. बिचारे गार झालेली भाजी मुकाट्याने गिळायचे. (खरं सांगायचं तर गावच्या परसात मी वीस वर्षांत एक आळंसुद्धा केलं नव्हतं. ते सगळं आई करायची. माझ्याकडे फक्त व्याख्यानाचं खातं होतं.)

टेम्पोत कपाटाच्या आधी माती चढली. नऊ गोणी! शिवाय अळवाचे कांदे आणि केळीचे दोन मुनवे. पलंग राहिला, असं बायको म्हणाली. पलंगावर काही उगवत नाही, असं मी म्हणालो, आणि पुढे आठवडाभर आम्ही जमिनीवर झोपलो. आईने नव्या घराबद्दल एकच गोष्ट विचारली होती, तवसं लावायला जागा आहे ना. निघताना तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर थापलेल्या सहा गोवऱ्या सुरीने अलगद सोडवल्या आणि कापडी पिशवीत भरल्या. कशाला, ते मी विचारलं नाही. म्हातारं माणूस, चुलीची माया असेल, असं माझं मीच ठरवून टाकलं.

गृहप्रवेशाला सावंतांसकट ऑफिसातले चौघे आले होते. बायकोने गॅस जोडून पातेलं चढवलं होतं, ते मी उतरवलं. गॅसवर जातं त्याला उतू जाणं नाही, सांडणं म्हणतात, असं सर्वांना समजावलं आणि अंगणात तीन चिरे मांडले. आई आत देव मांडत होती. पिशवी समोरच होती. बघा सावंत, म्हटलं, गोवऱ्यासुद्धा गावच्या! पहिल्या दोन पेटल्या आणि आतून तडतड सुरू झाली. सावंत दचकून मागे सरले. हा शुभ आवाज असतो, शहरातल्यांना माहीत नसतो, असं मी सांगितलं. सहावी घातली आणि दूध उतू गेलं. सगळ्यांनी हात जोडले.

तेवढ्यात आई बाहेर आली.

"माझी पिशवी कुठाय रे?"

"ही काय. गोवऱ्या छान पेटल्या हो आई."

ती पायरीवर बसलीच. "मेल्या, त्यात तवशाचं बी होतं."

तवसं म्हणजे आमच्याकडची पावसाळ्यातली जाडजूड काकडी. हे बी आईच्या माहेरचं. कीड लागू नये म्हणून ती ते दरवर्षी शेणात कालवून भिंतीवर थापायची आणि गणपतीत त्याच तवशाचं धोंडस, म्हणजे गूळ-रव्याचा गोड केक, करायची. म्हणजे तिचं चाळीस वर्षांचं माहेर मी पाव लिटर दुधासाठी जाळलं होतं.

"वीस वर्षं बघतोयस भिंतीवर," ती म्हणाली. "तुला काय वाटलं, भिंतीला थंडी वाजते?"

सावंत हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "हाच का तो शुभ आवाज?"

मी चहाच्या गाळण्याने राख चाळली. बाजारातून बियांचं पाकीट आणलं. आईने वरचं चित्र पाहिलं आणि परत दिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्या नऊ गोणींकडे बघत बसायची.

शेवटी बायकोला आठवलं, आईने सलमाभाभींना बी दिलं होतं. भाभी म्हणजे गावच्या घराच्या दगडी गडग्यापलीकडच्या शेजारीण. मलाही आठवत होतं. कारण अस्सल बी घराबाहेर गेलं की बिघडतं, असं मी तेव्हा गडग्यावरून त्यांना ऐकवलं होतं.

एसटीने गेलो. भाभींनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण भाऊ, बाहेर गेलेलं बी बिघडतं ना?"

"भाभी, घरातलं जळतं."

त्यांनी आत जाऊन भिंतीवरची एक गोवरी सोडवली आणि कागदात बांधून दिली. "आईंना सलाम सांगा. आणि दूध गॅसवर तापवा."

कातळावरच्या मातीत वेल चढला, तवशी लागली, गणपतीत धोंडस झालं. चार महिन्यांनी आईने मला प्रथमच नावाने हाक मारली, वाटी द्यायला.

त्या वर्षी तिने पुन्हा गोवऱ्या थापल्या. वाळल्यावर निम्म्या भाभींकडे पाठवल्या, निम्म्या सावंतांकडे. आपल्या भिंतीवर एखादी तरी ठेव, असं मी म्हटलं.

"इथे तू असतोस," ती म्हणाली.

त्यामुळे दर मे महिन्यात मी आमच्याच तवशाचं बी मागायला सावंतांच्या घरी जातो. ते लगेच देत नाहीत. आधी बसवतात आणि गावठी बी कसं जपावं यावर पंधरा मिनिटं बोलतात. मी मुकाट्याने ऐकतो, वहिनींनी वाढलेली फ्लॉवरची भाजी खात. चांगली होते, मी दोनदा मागून घेतो.