सुनेचं दगडी कमळ आणि माझा हळदीचा डोस

एका वाटीत मावणाऱ्या झाडाला मी हळदीच्या शेताचं अख्खं खतपाण्याचं वेळापत्रक लागू केलं. झाड माझ्या सुनेचं होतं. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. तसंही मी घरात फारसं काही सांगत नाही. आमच्या कुसुमच्या (म्हणजे बायकोच्या) मते गोठ्यातला बैल माझ्यापेक्षा जास्त बोलतो, आणि मुद्द्याचं बोलतो.

झाड आलं ते रुखवतात. आमच्या डोंगरकडा गावातल्या लग्नांत मी रुखवतात लाडवांचे डोंगर पाहिले, शेवयांची घरं पाहिली, एकदा साबणाचा हत्तीही पाहिला. पण चिनीमातीच्या वाटीत बसलेलं, जाडजाड पानांचं हिरवं कमळ पहिल्यांदाच आलं. मांडवातल्या बायकांनी ते बोटानं दाबून पाहिलं. एकीनं खरंच आहे का म्हणून नख लावलं. सून शीतल नांदेडची. ती त्याला सक्युलंट म्हणायची. कुसुमनं त्याचं दगडी कमळ केलं, कारण ते वाढतही नव्हतं आणि मरतही नव्हतं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी शीतल पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. जाताना तिनं ती वाटी नवऱ्याला दिली नाही, सासूला दिली नाही, माझ्या हातात दिली. घरात झाडातलं कळतं ते मामांनाच, असं तिनं चारचौघांत सांगितलं. (आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते.) माझी छाती सदऱ्याला आतून टेकली. मग तिनं सूचना दिल्या.

"मामा, पावसाळ्यात याला खत नको. पाणीसुद्धा माती पार वाळल्यावर, दोन घोट. हिवाळ्यात हे झोपतं, तेव्हा तर काहीच नको. उन्हाळा लागला की एकदा पातळ खत द्यायचं, ते मी आल्यावर बघते. तुम्ही फक्त उजेडात ठेवा."

मी "हूं" म्हणालो. माझ्या मापानं ते भाषण होतं.

पण मनात म्हटलं, हे काय? मी हळदवाला माणूस. पिकाला खाऊ घालणं आमच्याकडे जवळजवळ धर्मात बसतं. आणि हे तर सुनेनं माहेराहून आणलेलं झाड! उद्या नांदेडचे व्याही यायचे, झाड आहे तेवढंच दिसायचं, आणि म्हणायचे, ज्यांनी वाटीभर झाडाला घातलं नाही ते आमच्या पोरीला काय घालत असतील? एवढ्या विचारानंच माझा पहिला डोस पडला.

सुरुवात रीतसर केली. चाळलेलं शेणखत, वर चिमूटभर डीएपी. आता माझी चिमूट शेतकऱ्याची आहे. बोटं तीनच लागतात, पण माल मुठीचा येतो. पुढचा सल्ला घ्यायला वारंगा फाट्यावर रफीकभाईंकडे गेलो. त्यांचं खताचं दुकान, आणि आमची दोस्ती त्यांच्या वडलांपासूनची. त्यांनी पीक विचारलं, मी सांगितलं. किती एकर विचारलं, मी म्हणालो, एक वाटी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"गणपतराव," ते म्हणाले, "एवढ्या रकब्याला मी आजपरेंत माल दिला न्हाई. पण गिऱ्हाईकाला बराबर सेवा द्यायची म्हणल्यावर द्यायची."

त्यांनी पाण्यात विरघळणारं एकोणीस-एकोणीस खत दिलं, सोबत मुळं वाढवणाऱ्या ह्युमिकची बाटली दिली आणि सुनेला सलाम सांगितला. सलाम मी पोचवला नाही. तो कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं.

आणि झाडानं मनावर घेतलं! श्रावणात पावसाची झड लागली म्हणून वाटी मी आतल्या खोलीत, बियाण्याच्या पोत्यांमागे ठेवली होती. (उजेडात ठेवायला सांगितलं होतं, मान्य. पण ओल्या झडीत लेकरू कोणी बाहेर ठेवतं का?) तिथल्या अंधारात कमळानं मान वर काढली. पानं एकमेकांपासून लांब लांब सरकली, मधे पांढुरका दांडा दिसायला लागला, आणि भादव्यापर्यंत ते भेंडीच्या झाडासारखं झालं. मला वाटलं, आता दिसतंय खाल्ल्यापिल्ल्या घरचं! दांडा उघडा पडला म्हणून हळदीला लावतो तशी मातीची भर लावली. वाटी पुरेना. तुपाच्या रिकाम्या डब्यात हलवलं. मान कलंडायला लागली तेव्हा तुरीच्या काडीचा आधार दिला आणि सुतळीनं बांधलं. आजारी जिराफाला पट्टी करावी तसं ते दिसत होतं.

एका सकाळी डब्यातून आंबूस वास आला. पाहतो तर कुसुम तांदळाचं धुवण ओतत होती.

"काहून घालून राहिलीस? पोरीनं काही देऊ नका म्हणलं व्हतं."

"आन तुमी काहून घालून राहिले?"

मी सुतळीची गाठ परत आवळली. तिनंच पुढं सांगितलं, की तिकडं पोरगी भरल्या दिवसांची, आणि इकडं तिचं झाड उपाशी बघून तिच्या जिवाला बरं वाटत नव्हतं. थोडक्यात, त्या बिचाऱ्याला दोन्ही वेळचं जेवण दोन स्वयंपाकघरांतून चाललं होतं.

नातू झाला. पेढे वाटले. आणि दर रविवारी व्हिडिओ कॉल सुरू झाला, तिथून माझी खरी परीक्षा लागली. नातवाचं तोंड दाखवून झालं की शीतल म्हणायची, "मामा, माझं झाड दाखवा की." झाडाची उंची एव्हाना हातभर. पण मला एक गोष्ट सापडली: वरून पाहिलं तर फक्त शेंड्याचं कमळ दिसतं, मान दिसतच नाही! मग दर रविवारी मी स्टुलावर चढायचो, फोन अगदी शेंड्याजवळ धरायचो (डबाही दिसायला नको), आणि ती तिकडून म्हणायची, अगदी तसंच आहे हो. कुसुम खाली स्टूल धरून उभी असायची. लग्नानंतर इतक्या वर्षांनी आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

थंडी पडली तशी दांड्याची मान खालून काळी पडली. मी घाबरून फोटो रफीकभाईंना पाठवला. त्यांचा फोन आला, की ही हळदीवर पडते ती कंदकूज आहे. म्हटलं, भाऊ, याला कंद कुठंय? ते म्हणाले, कंद नसंल, पण तकलीफ कंदकुजीचीच दिसून राहिली. आम्हा दोघांना एकच पीक कळतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तरी मी बुडाशी औषध ओतून आळवणी केली. दुसऱ्या दिवशी कमळाचं मुंडकं तुटून डब्याशेजारी पडलं.

पुढच्या महिन्यात सून बाळाला घेऊन येणार होती. मूळ वाटी धुतली. माती भरायची हिंमत होईना, म्हणून अंगणातला कोरडा मुरूम घातला आणि त्याच्यावर ते मुंडकं नुसतं ठेवून दिलं. लावलंसुद्धा नाही. पाहुण्यासमोर रिकामं ताट झाकून ठेवावं तसं. वाटी दक्षिणेच्या खिडकीत ठेवली आणि तिकडं बघायचंच बंद केलं. लाजेनं पाणी दिलं नाही, भीतीनं खत दिलं नाही. कुसुमलाही दम दिला, म्हणजे डोळे मोठे केले.

शीतल आली. नातू माझ्या मांडीवर देऊन ती आधी खिडकीशी गेली. मी नातवाच्या टोपीकडे पाहत बसलो. तिनं वाटी उचलली, कमळ हलवून पाहिलं. ते हललं नाही. कोरड्या मुरमात, उपाशीपोटी, त्यानं मुळं धरली होती! पानं घट्ट मिटलेली, कडा गुलाबी.

"मामा, अशा गुलाबी कडा माझ्या हातानं कधी आल्या नाहीत," ती म्हणाली. "लोकांना हात आवरतच नाही. तुम्ही आवरला."

मी "हूं" म्हणालो. तिथं थांबलं असतं तर आजपर्यंत हे गुपित माझ्याबरोबर सुखानं राहिलं असतं. पण ती शेजारी येऊन बसली. तिची बी.एड.ची परीक्षा हिंगोलीला होती, दिवसदिवस बाहेर राहावं लागणार होतं. डॉक्टरांनी बाळाला आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही द्यायचा नाही असं बजावलं होतं, आणि घरोघर तर गुटी, मध, साखरपाणी चाटवणारे हात. तिची आई म्हणत होती, लेकराला नांदेडलाच राहू दे.

"पण आता मला भीती नाही," शीतल म्हणाली. "झाड सांभाळलंत तसंच याला सांभाळा. मी दूध काढून ठेवून जाईन."

झाड सांभाळलं तसंच! मांडीवरचं लेकरू माझ्याकडे बघून हसलं. माझ्या डोळ्यांपुढे तुपाचा डबा आला, तुरीची काडी आली, सुतळी आली.

आणि मी बोललो. आयुष्यात कधी बोललो नव्हतो एवढं बोललो. शेणखत, डीएपी, एकोणीस-एकोणीस, ह्युमिक, भर, धुवण (त्यात कुसुमलाही ओढलं, एकट्यानं बुडायचं काहून?), स्टूल, मुंडकं, सगळं. कुसुम भाकरी थापायची थांबली. तव्यावरची करपली तरी कुणी उठलं नाही.

शीतलनं शांतपणे लेकरू माझ्या मांडीवरून उचललं.

"डीएपी, मामा?"

"व्हय." माझा हात आपसूक सदऱ्याच्या खिशावर गेला.

"सदऱ्याचा खिसा दाखवा."

खिशात पुडी निघाली. खडीसाखर. सकाळीच फाट्यावरून आणली होती. नातवाच्या ओठाला एक खडा नुसता लावावा, एवढाच विचार होता. तिघंही पुडीकडे बघत राहिले, नातूसुद्धा.

"हे कोणासाठी?" शीतलनं विचारलं.

"झाडासाठी," मी म्हणालो.

आजवर मारलेल्या सगळ्या थापांत ही एकच अशी निघाली, की जिच्यावर अख्ख्या घरानं ताबडतोब विश्वास ठेवला.