सतराव्या किलोमीटरचा सत्कार

माझा स्वभाव अत्यंत शांत आहे, आणि हे मी घरात, जिन्यात आणि सोसायटीच्या सभेत वेळोवेळी ओरडून सांगितलेलं आहे. त्यामुळे पुढचं सगळं मी रागाच्या भरात लिहिते आहे असं कोणी समजू नये. (मला राग आलेला आहे, हा भाग वेगळा.)

मी पळायला लागले ती आमच्या ह्यांच्यामुळे. डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं, "रोज सकाळी चाला, जमलं तर थोडं पळा." ह्यांनी त्याच संध्याकाळी भारीतले बूट आणले, डोक्याला बांधायचा पट्टा आणला, पावलं मोजणारं घड्याळ आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यापर्यंत गेले, मिसळ खाऊन परत आले आणि "गुडघा बोलतोय" असं म्हणून आडवे झाले. तो गुडघा आजतागायत बोलतोय! महिनाभरानं ते घड्याळ कपाटात धूळ खात पडलेलं दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. मी ते मनगटावर चढवलं आणि तणतणत घराबाहेर पडले. तणतणता तणतणता पाय उचलत गेले, आणि गंगाधामच्या चढावर माझ्या लक्षात आलं की आपण चक्क पळतोय.

तेव्हापासून रोज पहाटे मी पळते. आणि तेव्हापासून अख्ख्या बिबवेवाडीला माझ्या पळण्याबद्दल मत आहे! बागेत चार बायका हातात हात घालून अख्खा रस्ता अडवून चालतात. "जरा बाजूला होता का?" म्हटलं तर एक म्हणाली, "का हो, कुठे आग लागलीय?" कुत्री वेगळीच. ती इतर वेळी झोपलेली असतात, मी दिसले की त्यांना कर्तव्याची आठवण होते. आणि आमच्या शेजारच्या खाडिलकरकाकू! रोज दारात उभ्या.

"वैशाली, पळून किती दिवस झाले गं?"

"झाले की चार महिने."

"हो का? दिसत नाही हं कुठे." असं म्हणून मला वरपासून खालपर्यंत बघायचं आणि दार लावून घ्यायचं! सकाळी सहा वाजता!

दुसऱ्या मजल्यावर सायली नावाची मुलगी भाड्यानं राहते. आयटीत आहे, स्वतः पळते, आणि सबंध इमारतीत मला नावं न ठेवणारी ती एकटीच. एक दिवस म्हणाली, "काकू, आपण हाफ मॅरेथॉन करू या! तुमच्यात पोटेन्शिअल आहे!"

"किती पळायचं?"

"फक्त ट्वेन्टी-वन के. तीन तासांचा कटऑफ असतो. तीन तासांत पोचलं की मेडल. नंतर पोचलं तर नाही मिळत."

पदक म्हटल्यावर माझे कान टवकारले. आमच्या दिवाणखान्यात एक काचेचं कपाट आहे. त्यात मुलाची बुद्धिबळाची पदकं आहेत, ह्यांना ऑफिसच्या कॅरममध्ये मिळालेले तीन कप आहेत, इतकंच काय, सासरेबुवांना भजनी मंडळानं दिलेली ढालसुद्धा आहे. हे सगळं दर शनिवारी कोण पुसतं? मी! पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांचे पराक्रम ओल्या फडक्यानं पुसते आहे. माझ्या नावाचं त्यात काही म्हणजे काही नाही. एक तरी असावं, आणि ते दुसऱ्या कोणीतरी पुसावं, एवढंच माझं म्हणणं होतं. ते पदक मला हवं होतं. अगदी मनापासून, लहान मुलासारखं हवं होतं.

मग काय, मी जिवाचं रान केलं. रविवारी पहाटे लांब पळायचं, घरी येऊन सगळ्यांचे पोहे करायचे, मग पाय धरून बसायचं. ह्यांचा सहभाग पांघरुणातून. "अगं, श्वास नाकानं घे." "अगं, टाच आधी टेकव." एकदा म्हणाले, "तुझा वेग जरा वाढायला हवा." मी म्हटलं, "तुमच्या अंगावर पाणी ओतायला वाढवू का?" तेव्हा कुठे गप्प झाले. पण शर्यतीच्या आदल्या आठवड्यात ह्यांनी जे करायचं ते केलंच. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'आमची ही मॅरेथॉन पळतेय. मार्ग आपल्या फाटकावरूनच जातो.' खाली अंगठे, हार, पेढे, सगळी चित्रं. आणि आमचे चेअरमन निंबाळकर यांचं एकच वाक्य, 'सोसायटी याची योग्य ती दखल घेईल.'

हे निंबाळकर खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, पण तोंडाची तोफ अजून चालू आहे. सव्वीस जानेवारीला त्यांच्या भाषणात दरवर्षी कोणी ना कोणी चक्कर येऊन खाली बसतं. तरीही मी गाफील राहिले. मला वाटलं, दखल म्हणजे फार तर नोटीस बोर्डावर नाव येईल.

रविवार उजाडला. सायली सुरुवातीलाच पुढे निघून गेली, तिचे पाय तरुण आहेत. मी माझ्या वेगानं. आणि सांगायला आनंद वाटतो की मी सुरेख पळत होते! श्वास नाकानं, टाच आधी. घड्याळ बघितलं तर हातात चांगला वेळ शिल्लक. सतरावा किलोमीटर संपत आला, आमच्या सोसायटीचं वळण आलं, आणि समोर बघते तर काय!

फुटपाथवर टेबल. टेबलावर गणपतीत अंथरतो ते भरजरी कापड. बाजूला गणपतीतलाच लाऊडस्पीकर. फाटकावर फलक, 'सोसायटीची शान, धावपटू सौ. वैशालीताई', आणि त्यावर माझा फोटो. कुठला? भाच्याच्या लग्नातला! नथ घातलेला, हातात जेवणाचं ताट! आणि आमचा वॉचमन रस्त्याच्या मधोमध शिट्टी वाजवत दोन्ही हात पसरून उभा.

"अहो, बाजूला व्हा!" मी लांबूनच ओरडले.

"वहिनी, दोनच मिनिटं!" निंबाळकर सफारी घालून पुढे आले.

"निंबाळकर, शर्यत चालू आहे!"

"म्हणूनच तर! संपल्यावर तुम्ही दमलेल्या असणार. शिवाय दहा वाजता हॉल केळवणाला दिलाय."

"अहो, पण मी अजून पोचलेच नाहीये! सत्कार कसला करताय?"

"पोचणारच हो तुम्ही. आम्हाला खात्री आहे."

तेवढ्यात सोसायटीच्या पाच बायकांनी मला घेरलंच. खाडिलकरकाकू मोबाईल उंच धरून शूटिंग करत होत्या, "वैशाली, जरा हस की!" औक्षणाचं तबक आलं. निरांजन वाऱ्यानं विझलं. "काडेपेटी कुठाय?" काडेपेटी तिसऱ्या मजल्यावर! मी जागच्या जागी पळत उभी, आणि एक जण म्हणते, "अगं, हलू नकोस, कुंकू नाकावर लागतंय!" माझ्या मागून येणाऱ्या धावपटूंना वाटलं, इथे खाण्यापिण्याची सोय केलेली दिसते. ते सरळ टेबलाशी आले. एकानं विचारलं, "इथे एनर्जी जेल मिळेल का?"

"जेलबिल नाही, शिरा आहे. घ्या," काकू म्हणाल्या. त्यानं घेतला! दोनदा घेतला! आणि खाऊन पळालासुद्धा, कारण त्याला कोणी शाल घातली नव्हती.

मला घातली. घामानं निथळणाऱ्या अंगावर लोकरीची शाल! हातात नारळ! आणि आमचे हे टेबलामागे उभे राहून टाळ्या वाजवतायत. त्या क्षणी हे माझ्या हाताच्या अंतरावर नव्हते, हे ह्यांचं नशीब. मग निंबाळकरांनी माईक हातात घेतला. काय बोलले ते मला आठवत नाही, रागानं कानच बंद झाले होते. पण बोलले, बोलले, बोलतच राहिले. शेवटी कोणीतरी माईक माझ्या हातात दिला. "सत्काराला उत्तर म्हणून दोन शब्द बोला." मी आपले दोन शब्द बोलले. (थोडे स्पष्ट बोलले असेन.) नारळ ह्यांच्याकडे भिरकावला आणि सुटले.

आयुष्यात कधी पळले नसेन अशी पळले. शाल काढायचंसुद्धा भान नव्हतं, ती मागे उडत होती. रस्ता अगदी मोकळा. मागे वळून पाहिलं तर कोणी नाही. मला वाटलं, सगळ्यांना मागे टाकलं आपण!

मैदानात शिरले तेव्हा शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढत होते. माझ्या डोळ्यांदेखत ती कमान फुस्स करून आडवी झाली. मी तिच्यावरून उडी मारून पलीकडे गेले.

"माझं मेडल!"

"काकू, सॉरी," तिथली मुलगी म्हणाली, "वेळ संपून चार मिनिटं झाली. केळं घ्या ना."

केळं! इतके महिने पहाटे उठले, कुत्र्यांची भुंकणी खाल्ली, काकूंचे टोमणे गिळले, आणि माझ्या हातात केळं! सायली धावत आली. गळ्यातलं पदक काढून म्हणाली, "काकू, प्लीज, तुम्ही हे घ्या." मी म्हटलं, "ठेव तुझं. मला माझं हवं होतं." आणि तिथेच गवतावर बसून रडले. लोकांना वाटलं पाय मुरगळला. रागानं रडत होते, पण रडत होते हे खरं.

थोड्या वेळानं हे स्कूटरवरून नारळ घेऊन आले. "झालं का?" म्हणाले. मी ह्यांच्याकडे नुसतं बघितलं. ह्यांना घाम फुटला, कारण मी गप्प बसले की काय होतं ते ह्यांना माहीत आहे.

मी सोसायटीची खास सभा बोलवायला लावली. विषय एकच, निंबाळकरांनी राजीनामा द्यावा. हॉल गच्च भरला. (पाण्याच्या प्रश्नावर बोलावलं तर पाच टाळकी येतात!) मी उभी राहिले.

"या माणसाला माईक दिसला की शुद्ध राहत नाही! यांच्या भाषणापायी माझं पदक गेलं! अर्धा तास बोलत होते अर्धा तास!"

निंबाळकर हळूच म्हणाले, "वहिनी, मी त्या दिवशी फारसं बोललो नाही हो."

"धादांत खोटं!"

"अहो, भांडता कशाला," खाडिलकरकाकू म्हणाल्या, "माझ्याकडे शूटिंग आहे की सगळं."

हे माझा पदर ओढायला लागले. "जाऊ दे ना आता. झालं गेलं."

"का जाऊ दे? लावा! टीव्हीवर लावा! सगळ्यांना दिसू दे यांचं भाषण!"

लावलं. हॉलमधले दिवेसुद्धा मीच बंद करायला लावले.

पडद्यावर औक्षण झालं, शाल झाली, नारळ झाला. निंबाळकरांनी माईक घेतला. "वहिनींना उशीर होतोय, म्हणून मी फक्त अभिनंदन करतो. जय हिंद." संपलं! सबंध हयातीतलं त्यांचं सगळ्यात छोटं भाषण!

मग माईक माझ्याकडे आला. "दोनच शब्द बोलते," मी पडद्यावर म्हणाले. आणि सुरू झाले. सत्कार आधी करतात का, इथून निघाले ते 'तो फोटो कोणी निवडला, जेवणाच्या ताटासकट?' इथवर आले. तिथून पार्किंग. पार्किंगवरून पाण्याची टाकी. टाकीवरून जिन्यात चपला काढणारे. बागेतल्या चार बायका. ह्यांचा गुडघा. माझ्या पाठीमागून धावपटू जात होते. तरुण गेले, म्हातारे गेले, एक आजोबा काठी टेकत गेले. मग ॲम्ब्युलन्स गेली. मग मागे राहिलेल्यांना गोळा करणारी बस येऊन थांबली, ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "ताई, येताय का?" आणि मी त्याला हातानं थांबवून वर्गणी न भरणाऱ्यांचा विषय काढला. बस निघून गेली. हे मनगटाकडे बोट दाखवून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते.

पडद्यावर निंबाळकर दोन्ही हात जोडून पुढे आले.

"वहिनी," अगदी गयावया करत म्हणाले, "आपली शर्यत चालू आहे."

आणि मी म्हणाले, "मध्ये बोलू नका!"