ड्रॉपचं वर्ष

एअरपोर्टच्या गेटवर तिकीट नसलेल्यांना आत सोडत नाहीत, म्हणून आमचा निरोप बाहेर ट्रॉल्यांच्या गर्दीतच झाला. आई रडत होती. बाबांनी मात्र माझ्या मार्कशीटची फाइल तिसऱ्यांदा उघडून पाहिली. "त्र्याण्णव टक्के आहेत, कोणी अडवणार नाही," ते म्हणाले.

अडवलं.

आधी बारावीला मला एक्क्याऐंशी पडले होते. त्याच वर्षी माझी डबल्सची जोडीदार, नोएडाची जसलीन, अडुसष्ट टक्क्यांवर अमेरिकेतल्या कॉलेजात टेनिस खेळायला निघून गेली. आमच्या घरी एक्क्याऐंशी म्हणजे सुतकच. बाबा म्हणाले, "एक वर्ष ड्रॉप घे, पेपर परत दे. मार्क असले की सगळी दारं उघडतात." दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मजल्यागणिक एक ड्रॉपवाला सापडेल, त्यामुळे कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मी वर्षभर पेपर सोडवले आणि हात चालता राहावा म्हणून अधूनमधून टेनिसच्या स्पर्धा खेळले. त्याच नडल्या.

मीही जसलीनच्याच कॉलेजात आले. पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे नियम सांगितला. शाळा संपल्यावर ठरलेल्या मुदतीत कॉलेजात यायचं. मुदत उलटल्यावर स्पर्धा खेळलात, तर पहिलं वर्ष फक्त सराव, सामने नाहीत. आणि कॉलेजात खेळायला मिळणाऱ्या चार हंगामांतला एक कायमचा गेला. त्र्याण्णव टक्क्यांचं त्यांना काहीच कौतुक नव्हतं. जसलीनचे अडुसष्ट पुरले होते.

मी जसलीनवर जळते. तिनेच कोचकडे माझं नाव सुचवलं होतं, म्हणून तर जास्तच. माझा फोरहँड तिच्यापेक्षा सरस आहे, हे तीही कबूल करते. "यार, एक ही साल की तो बात है," म्हणते आणि कॉलेजचं नाव छापलेला टी-शर्ट घालून कोर्टवर उतरते. मी बाकावरून टाळ्या वाजवते आणि मनात म्हणते, हर एकदाची. कोच सगळ्यांना सांगतात, टीममेट असावी तर अशी.

घरी मी पाय दुखावल्याची थाप मारली होती. बाबांना खरं सांगायची हिंमत नव्हती. परवा फोनवर मी जसलीनचं तोंडभर कौतुक करत होते, तर आई मध्येच म्हणाली, "जळतेस तू तिच्यावर. लहानपणापासून जळलीस की अशीच गोड बोलतेस."

मग मला रडू फुटलं आणि सगळं सांगून टाकलं. फोन स्पीकरवर होता. मागून बाबांनी विचारलं, "म्हणजे माझ्या ड्रॉपमुळे?"

"हो."

ते फोनजवळ आले. म्हणाले, "मग जळ. मीही जळतो तिच्या बापावर."

इथे सगळे मला गुणाची मुलगी समजतात. मला ओळखणारी दोन माणसं मयूर विहारला राहतात.