मागची डावी सीट

बदलापूरच्या दलालानं काही लपवलेलं नाही अशी शपथ घेऊन मला जुनी गाडी विकली आणि फसवलं. उल्हासनगरच्या सिंधी सीटवाल्यानं नाही फसवलं.

हा सीटवाला घासाघीस करत नाही, हेच मला खटकतं. मी भाव पाडला की तो नुसतं "तुम्ही म्हणाल तसं, साईं," म्हणतो आणि ताप बघावा तसा उलटा हात सीटच्या कातड्याला लावतो. मग भेगा भरतो, रंग चढवतो.

त्यानं माझ्या सगळ्या सीटा नव्या केल्या. मागची डावी मात्र तशीच फिकट, मध्ये खळगा पडलेली.

मी भडकलो. "पूर्ण गाडीचं ठरलं होतं! ही काय तुझा बाप करणार?"

"फोम बदलला, साईं. रंग पण दिला. सकाळी बघतो तर रंग उडालेला, परत खळगा." त्यानं आवाज खाली आणला. "बसलाय त्याला आधी उठवा, मग करतो."

मी हात लावला. गाडी सावलीत होती, तरी सीट कोमट होती. माझी मुलगी पहिल्या दिवसापासून उजव्या दाराला चिकटून का बसते, ते तेव्हा कळलं.

झोपलेल्या माणसाजवळ लावावं तसं सीटवाल्यानं दार हळूच लावलं.

दलाल फोन उचलत नाही. त्यानं माझ्यासमोर उभं राहून सांगावं, त्या सीटवर आधी कोण बसायचं?