सात पापडांचं पत्र

चहा घ्या आधी. गार झाला तर मला बोल लावू नका. सध्या नांदेडपासून उदगीरपर्यंत जे काही बिघडतं ते माझ्याच नावावर टाकायची पद्धत पडलीय. हाव, झाली चूक माझ्याकडून! लहानसहान न्हाई, बैलगाडीत मावणार नाही एवढी झाली. पण माफी? ती मी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. तुम्हीच ऐका आणि सांगा, यात पापडाचा काय गुन्हा?

उदगीरला माझा एक दोस्त आहे, व्यंकट. मोंढ्यात त्याचं धान्याचं दुकान. मी इकडे नांदेडला शाळेत चित्रकला शिकवतो. आम्ही दोघं एकमेकांना पत्रं लिहितो. हसलात ना? मला ठाऊकच होतं. सगळी दुनिया अंगठ्यानं लिहून राहिली आणि हे दोन पन्नाशीचे घोडे टपालाची तिकिटं चाटतात! चाटतो. जीभ आमची आहे.

त्यात आमची एक अट. साध्या कागदावर लिहायचं नाही. ज्यानं कागद घेतला तो हरला.

मी माझ्या गुडघ्याच्या एक्स-रेवर लिहिलं, वाटीच्या बरोबर मधोमध ‘प्रिय व्यंकट’. त्यानं गोणपाटाच्या तुकड्यावर उत्तर पाठवलं. लिहून नव्हे हो, दाभणात सुतळी ओवून, शिवून! ते वाचायला मला दोन दिवस लागले, आणि होतं काय? ‘इकडे सर्व ठीक.’ मग मी किनवटहून पळसाची पानं आणून त्यांच्यावर लिहिलं. पोचेपर्यंत त्यांचा भुगा झाला. व्यंकटनं कळवलं, ‘पत्र मिळालं. चिमूटभरच होतं, पण मजकूर आवडला.’

असा सामना बरोबरीत चालला होता. तेवढ्यात उन्हाळ्याच्या तोंडाला त्याचं पत्र आलं, तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर खिळ्यानं कोरलेलं. पण या खेपेला मजकूर गंभीर.

‘स्नेहाला नांदेडचं स्थळ आलंय. पोरीला मुलगा मनापासून पसंत आहे. पण माणसं कशी आहेत ते कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. मुलाचे वडील गोविंदराव, तुझ्या शेजारच्याच कॉलनीत राहतात. गुपचूप चौकशी कर आणि लिहून कळव. फोन करू नको, आमची ही स्पीकर लावूनच बोलते. रविवारी पाहुणे जेवायला येणार आहेत, त्याच्या आत पत्र पाहिजे. रविवारी तूही ये.’

स्नेहा म्हणजे व्यंकटची एकुलती एक. माझ्या खांद्यावर बसून उदगीरचा किल्ला पाहिलेली पोर! मी शाळेतून रजा टाकली. न्हाव्याकडे नसलेली दाढी दोनदा करून घेतली, दूधवाल्याला गाठलं, देवळाच्या पायरीवर तास तास बसलो. पोलिसांनी काय तहकीकात करावी अशी केली!

आता लिहायचं कशावर?

गच्चीवर गेलो तर बायकोचे उडदाचे पापड वाळत पडले होते. गोल, गोरे, कोरे! माझ्या हाताला खाज सुटली. राजेरजवाड्यांनी सोन्याच्या पत्र्यावर लिहिलं असेल, ताम्रपटावर लिहिलं असेल. पापडावर कुणाच्या बापानं लिहिलंय का आजवर? व्यंकट या जन्मात हरला!

सात पापड उचलले. जिलबीत घालतात तो खायचा रंग घेतला, काडीला टोक केलं आणि मुंगीएवढ्या अक्षरात अख्खा अहवाल लिहून काढला. प्रत्येकावर पान क्रमांक. मिठाईच्या खोक्यात कापूस घालून पार्सल बांधलं आणि टपाल कचेरीत नेलं.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “आत काय हाय?”

“पत्र.”

बाईंनी खोकं दाबून बघितलं. “कडक लागून राहिलंय.”

“मजकूरच कडक हाय, मॅडम!”

सोबत चिठ्ठी टाकली नाही. का टाकावी? पत्रासोबत पत्र कोण पाठवतं?

इथंच माती खाल्ली, म्हणता? थांबा, अजून पापड खायचेत.

रविवारी सकाळची बस पकडली, ती वाटेत पंक्चर. उदगीरला व्यंकटच्या दारात पाय ठेवला तर पाहुणे जेवायला बसलेले. गोविंदराव, त्यांच्या मंडळी म्हणजे मुलाची आई, आणि मुलगा. मुलगा खाली मान घालून जेवत होता. स्नेहा पाणी वाढता वाढता त्याच्याकडे बघत होती आणि तो पाण्याकडे. मी व्यंकटशेजारी पाटावर बसलो आणि कानात विचारलं, “वाचलंस का?”

“काय?”

“पत्र, गड्या!”

“कुठलं पत्र? आठ दिवस झाले, वाट बघून राहिलो. ऐन वेळी दगा दिलास बघ.”

“अरे, शुक्रवारीच पोचलं असणार. मिठाईचं खोकं...”

तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, तोंडभर हसत. “भावजी, ऐन वेळेला पापड पाठवले बघा! लाल मिरचीचे दिसून राहिले. आत्ताच तळलेत सगळे.”

व्यंकट मोंढ्यात असताना पार्सल वहिनींनी सोडलं होतं, आणि चष्म्याशिवाय त्यांना माझी अक्षरं म्हणजे मिरचीचे कण वाटले होते!

माझ्यासमोर पापडांची परात होती. मी विचार केला नाही. विचार करणारी माणसं अशा वेळी बुडतात. मी परात मांडीत ओढली आणि खायला सुटलो. एक, दोन, तीन... चावायला फुरसत कुणाला? नऊ पापड! गोविंदरावांच्या मंडळी घास हातात धरून बघत राहिल्या.

“सरांना घरी मिळत न्हाई का काही?” त्यांनी हळूच विचारलं.

शेवटचा तुकडा गिळला, घाम पुसला. पुरावा नष्ट! सोयरीक वाचली! तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “अहो भावजी, ते तर आमच्या घरचे साधे पापड. तुमचे मी पाहुण्यांच्या ताटात वाढलेत.”

आणि गोविंदरावांचा आवाज आला. “व्यंकटराव, ह्या पापडावर ‘पान तीन’ असं लिहिलंय.”

आता पापड तळल्यावर काय करतो? फुलतो. आणि त्याच्याबरोबर त्याच्यावरची अक्षरंही फुलतात हे मला कोणत्या शाळेत शिकवलं होतं? मुंगीएवढं लिहिलेलं दुकानाच्या पाटीएवढं झालं होतं! गोविंदरावांनी पापड उजेडात धरला आणि खणखणीत आवाजात वाचला.

“‘मुलाचे वडील देवळात अनवाणी जातात आणि चप्पल घालून परत येतात.’”

इकडे मुलाच्या दाढेखाली काहीतरी कुरकुरत होतं.

मग त्यांच्या मंडळींनी आपल्या ताटातला पापड उचलला. “पान चार. ‘दारात आलेल्या पाहुण्याला हे विचारतात, चहा पिऊनच आला असाल ना?’” आणि ती बाई अशी हसली म्हणता! पदर तोंडाला लावला तरी हसू आवरेना. “अगं माय! हे कुणी लिहिलं? तीस वर्षं मी हेच सांगून राहिले, माझं कुणी ऐकंना! पान पाच बघा, पान पाच! ‘पहाटे गच्चीवर असे खाकरतात की शेजारची गाय दूध चोरते.’ चोरतेच! ते लोक भांडायला आले होते आमच्या दारात!”

गोविंदराव उठले. “व्यंकटराव, जेवायला बोलावून माणसाची अब्रू तळता?”

व्यंकटचा चेहरा पांढराफटक. आता मी खाली मान घालावी, असंच तुम्हाला वाटतं ना? मी उभा राहिलो.

“मी लिहिलंय!” म्हटलं. “चौकशी करणं गुन्हा हाय का? तुम्ही न्हाई केली आमच्या पोरीची? केली असेल, फक्त तुम्हाला पापडावर लिहायचं सुचलं न्हाई! आणि पत्र अर्धं वाचून उठणं ही कुठली रीत? शेवट वाचा! पान सहा कुणाकडे आहे?”

मुलानं घास गिळला. पहिल्यांदाच तोंड उघडलं. “सहा... मी खाल्लं.”

“काय होतं त्यात?” व्यंकटनं मला विचारलं.

“‘मुलगा सोनं आहे. डोळे झाकून पोर दे.’” मी म्हटलं.

“आता तू हेच सांगणार! वीस वर्षं तुझी पत्रं वाचून राहिलो. तू गांडूळ पाहिलंस तर पत्रात त्याचा अजगर होतो.”

बघा, ही दोस्ती! पण मुलाची आई मधे पडली. “थांबा हो भाऊ. तीन खरं, चार खरं, पाच तर लईच खरं. मग सहाच तेवढं खोटं कसं असेल?”

गोविंदरावांना पोटच्या पोराला सोनं म्हटलेलं खोटं म्हणता येईना. ते फुरंगटून पाटावर बसले. व्यंकट मला म्हणाला, “शपथ घे.”

“गोदावरीची शपथ! अक्षर न् अक्षर खरं!”

व्यंकटनं एकदा पोरीकडे बघितलं आणि मान डोलावली. “साखर आण, स्नेहा.”

जमलं होतं हो! वाटीत चमचा वाजत होता! आणि वहिनी स्वयंपाकघरातून पुन्हा आल्या. “भावजी, तुमचा एक कढईतच राहिला होता.” आणि त्यांनी तो पापड कुणाच्या ताटात ठेवावा? गोविंदरावांच्या!

पान सात.

“‘ता. क. व्यंकट, यातलं निम्मं माझ्या पदरचं आहे.’”

ही ओळ मी प्रत्येक पत्राच्या शेवटी टाकतो. सवय आहे. उद्या कुणी पकडलं तर निसटायला वाट नको का? आणि नेमकं हे एकच पत्र असं होतं, की पोरीच्या जन्माचा प्रश्न म्हणून त्यात मी पदरचा एक काना घातला नव्हता. पण हात सवयीनं लिहून गेला!

गोविंदरावांच्या चेहऱ्यावर तेज चढलं. त्यांनी चष्मा नाकावर घट्ट केला. “सर, कोणतं निम्मं?”

स्नेहा साखरेची वाटी धरून उभी. पापणी हलवत नव्हती पोर.

“तुमचं,” मी म्हटलं. “तुमच्याबद्दलचं सगळं मी मनानं रचलं. मुलाचं तेवढं खरं. मी खोटारडा माणूस आहे, गोविंदराव.”

त्यांच्या मंडळींनी बोलायला तोंड उघडलं, स्नेहाकडे बघितलं, आणि त्या उघडलेल्या तोंडात चमचाभर साखर टाकून घेतली.

“मला वाटलंच!” गोविंदराव म्हणाले, आणि माझ्या हातावर साखर ठेवून सगळ्यांसमोर मला अर्धा तास ऐकवलं. माणसानं खरं कसं बोलावं, शिक्षकानं तर कसं बोलावंच बोलावं. मी ऐकून घेतलं. जन्मभर मी खोटारडा न्हाई म्हणून नांदेडात भांडत आलोय, आणि उदगीरला जाऊन स्वतःच्या तोंडानं कबूल केलं की आहे.

त्या दिवशी मी एवढं एकच खोटं बोललो, आणि तेवढंच सगळ्यांना पटलं.