साडभाऊंनी शिवलेली सडक

हैदराबादहून नागपूरला जाणारा हायवे तो बांधणाऱ्यांपेक्षा माझ्या साडभाऊंना जास्त कळला होता, हे मी शपथेवर सांगू शकतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने शिंपी. आदिलाबाद जिल्ह्यात, बोथच्या फाट्याअलीकडच्या एका गावात हायवेला अगदी खेटून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. दाराशी मशीन आणि मशीनसमोर सडक. गिऱ्हाइकाचं माप घेतानाही त्यांचा एक डोळा सडकेवर असायचा, त्यामुळे त्या गावात बऱ्याच सदऱ्यांची एक बाही दुसरीपेक्षा लांब असे. माझ्या लग्नातल्या कोटाचीही तशीच निघाली. मी तक्रार केली तेव्हा शांतपणे म्हणाले, "तुमचा डावा हातच आखूड हाय, भाऊ. कोट बराबर हाय." पुढे कितीतरी दिवस मी आरशासमोर दोन्ही हात पुढे करून उभा राहत असे.

हे वेड त्यांना सडक रुंद झाल्यावर लागलं. घरं एका अंगाला राहिली. कापसाची वावरं, शाळा आणि बस थांबायची जागा दुसऱ्या अंगाला. मधून ट्रक असे जायचे की दुकानातल्या दोऱ्याच्या रिळा आपोआप गडगडत. एका सकाळी सायकलवरून दूध घालणारा म्हातारा दुकानासमोरच ट्रकखाली गेला. साडभाऊंनी त्या दिवशी मशीन बंदच ठेवलं. दुसऱ्या दिवशी मात्र खडू आणि टेप घेऊन सडकेच्या कडेला बसले. माणसांचं चालणं ते मशीनवर मोजत. डोक्यावर गाठोडं असलेली बाई पलीकडे पोचेपर्यंत एक बाही जोडून होते, मोकळ्या हाताचा गडी गेला तर खिसासुद्धा होत नाही, असा त्यांचा हिशेब. स्वतःच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाड पलीकडून येणार म्हणून हे ब्लाउजचं लाल कापड हलवत ट्रक अडवायला गेले, ते अक्षता पडून गेल्यावर परतले. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, त्यावर वर्षभर त्यांच्याशी बेताचंच बोलली. "वऱ्हाड समदं धड पोचलं का नाई?" एवढंच त्यांचं म्हणणं.

सडक ओलांडायला वाट द्या, असा अर्ज करायचा म्हणून ते कचेरीत गेले, तर नकाशा आणा म्हणाले. कागदावर रेघ ओढणं साडभाऊंना कधी जमलं नाही. त्यांनी नकाशा शिवला. खाकी मांजरपाटाचा मोठा चौकोन, त्यावर काळ्या पट्टीची सडक, कडेने चालणाऱ्यांसाठी पांढरी पट्टी, सायकल आणि बैलबंडीसाठी हिरवी, आणि बाया जिथून ओलांडतात तिथे सडकेखालून जाणारा बोगदा, लाल दोऱ्याने दुहेरी शिलाईचा. कचेरीतल्या टेबलावर तो पसरून त्यावर निर्मलची खेळण्यातली लाकडी बैलजोडी चालवून दाखवत ते साहेबांना म्हणाले, "साब, ये सडक बगल में तंग है. आदमी हात उठाया तो उसवेगा." साहेबांना हिंदी कळलं, उसवेगा कळलं नाही. कारकुनाने नकाशाला भोक पाडून फायलीला लावायचा प्रयत्न केला, पण कापड पंचमध्ये अडकलं. अखेर तो घडी करून अर्जासोबत ठेवण्यात आला.

मग राज्य वेगळं झालं आणि थोड्याच काळात जिल्ह्याचेही चार तुकडे झाले. कचेऱ्यांची वाटणी सुरू झाली. कपाटं इकडे, खुर्च्या तिकडे. साडभाऊंचं गाव नव्या हद्दीच्या अगदी जवळ. या कचेरीत गेले की त्या कचेरीत जा म्हणत, त्या कचेरीत गेले की फाईल आलीच नाही म्हणत. अर्ज आता तेलुगूत हवा, असंही कुणी सांगितलं. साडभाऊ भाजीवाल्या बायांकडून तेलुगू शिकले, त्यामुळे त्यांच्या तेलुगूत सडकेपेक्षा वांगी-टमाट्याचे शब्द जास्त होते. दोन वर्षं ते बसने हेलपाटे घालत राहिले. मी एकदा म्हटलं, "जाऊ द्या ना भाऊ, गेला तो नकाशा." ते म्हणाले, "काऊन जाऊ देऊ? बाया तं रोजच जाऊन राह्यल्या ना."

नकाशा सापडला तो विलक्षण रीतीने. जुन्या कचेरीत कागदांचे बस्ते कापडात बांधतात. वाटणीच्या गडबडीत कापड कमी पडलं, तेव्हा कुणीतरी साडभाऊंच्याच नकाशात जमिनीचे जुने कागद गुंडाळून पाठवून दिले. नव्या कचेरीत तो बस्ता सुटला तेव्हा एक तरुण तेलुगू इंजिनिअर शेजारी चहा पीत होता. कागद बाजूला सारून तो कापडाकडेच पाहत बसला. कोपऱ्यात साडभाऊंनी सवयीने दुकानाचं लेबल शिवलेलं होतं. त्यावरून तो शोधत आला.

साडभाऊंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. अक्काचं कापसाचं गाठोडं त्याच्या डोक्यावर दिलं आणि म्हणाले, "चलो साब, उधर." इंजिनिअर अर्ध्यापर्यंत गेला आणि मधल्या दुभाजकावर अडकला. दोन्हीकडून ट्रक. साडभाऊ अलीकडे मशीनवर बसून एक बाही पुरी करून दुसरी जोडायला लागले, तरी तो तिथेच. परत आला तेव्हा घामाने भिजला होता. त्याने विचारलं ते एवढंच, "नक्शे में ये सफेद पट्टी आपके दुकान के ऊपर से जाती है. मालूम है?"

"मालूम है," साडभाऊ म्हणाले.

आम्हांला कुणालाच ते ठाऊक नव्हतं, अक्कालाही नाही. ती त्या संध्याकाळी विचारत होती, "आपलं दुकान आपल्याच हातानं कापलं तुमी?"

"दुसरीकडून काढली तं वळसा पडते. वळसा असला का बाया सडकेवरूनच पळतेत," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

काम व्हायला बराच काळ गेला, पण झालं. बोगदा झाला, कडेची वाट झाली. दुकान गावाच्या आतल्या गल्लीत गेलं. तिथे गिऱ्हाईक कमी, उजेडही कमी. साडभाऊ आता बहुधा जुनेच कपडे दुरुस्त करतात. त्यांच्या बाह्या हल्ली सारख्या होतात, असं अक्का सांगते. सांगताना तिला त्याचा फार आनंद होतो असं दिसत नाही.

मागच्या कापूसवेचणीत मी गेलो होतो. संध्याकाळी आम्ही दोघं वाटेच्या कडेला उभे होतो. वावरातून परतणाऱ्या बाया बोगद्यातून वर आल्या, डोक्यावर गाठोडी, कुणाच्या तरी सुनेविषयी काहीतरी रंगात येऊन बोलत. ट्रक वरून जात होते. एकीनेही इकडे तिकडे पाहिलं नाही, साडभाऊंकडेही नाही. त्या गल्लीत वळेपर्यंत ते पाहत राहिले.

"पाह्यलं का भाऊ," ते हळूच म्हणाले, "बोलता बोलता आल्या."