आप्पांना न सांगितलेला निकाल

आप्पा गेले तेव्हा त्यांना मॅचचा निकाल माहीत नव्हता.

मला होता.

दत्तू आप्पा म्हणजे कुरकुंभच्या आमच्या प्लँटमधले कंट्रोल रूमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. राहायला दौंडला. तरुणपणी तिथल्या रेल्वेच्या ग्राउंडवर फुटबॉल खेळलेले.

मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, शिरूरकडची. मी लावलेला मीटर चुकतोय, हे माझ्याआधी त्यांना कळायचं.

वर्ल्ड कप ते फारसा बघत नसत. त्याआधीच्या पात्रता फेरीतल्या नॉकआउट मॅच बघायचे. जिंकला तो पुढं, हरला तो घरी.

"वर्ल्ड कप समदं जग बघतंय. दारातनं माघारी जाणाऱ्याला कोण बघतंय?"

या मॅच बहुतेक आपल्याकडच्या सकाळी. आप्पा फर्स्ट शिफ्टला, फोन गेटवर जमा. ते घरी रेकॉर्डिंग लावून यायचे आणि चार वाजता चहा घेऊन बघायचे.

तोवर कुणी स्कोअर सांगायचा नाही. हा त्यांचा रूल.

मी जनरल शिफ्टला. नऊला पोहोचायचे, बसमध्ये स्कोअर बघून.

ट्रेनी असताना एकदा मी कंट्रोल रूमच्या दारात नुसती उभी राहिले. आप्पांनी स्क्रीनवरून मान वर केली.

"हरले व्हय?"

"मी कुठं काय बोलले, आप्पा?"

"तुझं तोंड बोललं की! समदं रीडिंग दिसतंय त्याच्यावर. जरा झाकण लाव, पोरी."

सगळे हसले.

मी झाकण लावायला शिकले. आता ते मलाच काढता येत नाही, पण तो विषय वेगळा.

यंदा आप्पांची टीम एका छोट्या बेटाची होती. वर्ल्ड कपला कधीच न गेलेली. आप्पा त्यांना नुसतं 'बेटवाले' म्हणायचे, भावकीतले असल्यासारखे.

मॅचच्या आदल्या दिवशी त्यांना हार्ट अटॅक आला.

मॅचच्या दिवशी ड्यूटी संपवून मी हॉस्पिटलला गेले. आयसीयूमध्ये एका वेळी एकच माणूस, पाच मिनिटं.

"झाली का म्याच?"

"झाली."

"सांगू नको. पोरानं रेकॉर्डिंग लावलंय."

"नाही सांगत."

मग ते बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"बघण्यासारखी झाली का, तेवढं तरी सांग."

"रूल तुमचाच आहे, आप्पा. घरी जाऊन बघा."

ते हसले. "लई पक्की झालीस गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

आज तेरावा होता.

जेवणं झाल्यावर काकूंनी मला आत बोलावलं.

"त्या दिवशी तू गेल्यावर हे म्हणले, बेटवाले हरले असत्याल. पोरीच्या तोंडावर काय बी दिसंना. खरंच हरले का गं?"

हे आप्पांनीच मला शिकवलं होतं. मीटर काहीच दाखवत नसेल, तर सगळं ठीक आहे असं धरायचं नाही. वाईटच झालंय असं धरायचं.

त्यांनी तेच केलं.

मी काकूंना खरं काय ते सांगितलं. त्यांनी मुलाला हाक मारून टीव्हीवर ते रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. चार वाजत आले होते. कुणीतरी चहा आणून ठेवला.

काकूंना फुटबॉलमधलं काही कळत नाही. तरी पूर्ण मॅच बघितली. पेनल्टी सुरू झाल्या आणि निकाल माहीत असूनही त्यांनी पदर डोळ्यांवर घेतला.

"मला न्हाई बघवत. समदं झालं की सांग."

झाल्यावर मी सांगितलं.

एवढं सोपं होतं ते.

आप्पा, शेवटचा नमस्कार. तुमचा रूल मोडते.

बेटवाले जिंकले. पेनल्टीवर, पाच-चार. वर्ल्ड कपला चालले.

मॅच बघण्यासारखी झाली.